९८ च्या ओम्नीला ८०० चं इंजिन बसेल का?

पावसचा बागायतदार
नमस्कार मंडळी. बाबांनी १९९८ साली घेतलेली ओम्नी आहे, कार्बोरेटरवाली, एमएच ०८. मागच्या आठवड्यात हापूसच्या पेट्या भरून कोल्हापूरला निघालो, साखरपा सोडून आंबा घाट चढायला लागलो आणि निम्म्या घाटात तापमानाचा काटा लालवर, सीटखालून वाफ आणि गाडी बंद. टो करून आणली. आता चालू होते पण थरथरते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, डिपस्टिकवर ऑइल चहासारखं दुधाळ. एक फिटर म्हणतो इंजिन गेलं, भंगारातून मारुती ८०० चं आणू, दोन्हीचं एकच असतं, सरळ बसेल. दुसरा म्हणतो अल्टोचं टाका, पॉवर वाढेल. बाबा अजून रोज सकाळी तिची काच पुसतात त्यामुळे विकायचा विषयच नाही. खरंच बसतं का? आणि आरटीओचं काय?

घाटावरचा मेकॅनिक
दादा, पहिलं म्हणजे गाडी चालू करून बघणं आजपासून बंद करा. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी मिसळलंय, त्या ऑइलवर इंजिन फिरवलं की बेअरिंग जातात आणि मग खरंच इंजिन बदलायची वेळ येते.

आता ८०० चं. फिटर अर्धं बरोबर बोलतोय. दोन्हीत एफ८बी नावाचं एकच इंजिन, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, म्हणून पिस्टन, क्रँक, हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) पार्ट एकमेकांना चालतात. पण ८०० मध्ये इंजिन पुढे आडवं आणि पुढची चाकं ओढतात, ओम्नीत तेच इंजिन सीटखाली गाडीच्या लांबीत उभं आणि ताकद मागच्या चाकांना. त्यामुळे सम्प (खालची ऑइलची टाकी), मॅनिफोल्ड (हवा आणि धुराचे पाइप), माउंटिंग, पाण्याचे पाइप सगळं वेगळं. ८०० चं घेतलंच तर फक्त हाफ इंजिन, म्हणजे ब्लॉक (सिलिंडरचा मुख्य सांगाडा), क्रँक, पिस्टन एवढंच घ्या आणि बाहेरचं सगळं तुमच्या जुन्या इंजिनचं काढून त्यावर चढवा. तेही कार्बोरेटरच्या गाडीचंच बघा, एमपीएफआयचं (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारं) घेतलंत की वायरिंग, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), टाकीतला पंप, संपतच नाही. अल्टोचं तर विसराच, ते १२ व्हॉल्व्हचं एफ८डी, हेडच वेगळं, शिवाय परत एमपीएफआय. ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती, शोधलंत तर ओम्नीचंच मिळेल आणि ते सगळ्यात सोपं.

मालवणी ड्रायवर
इंजिन बदलूची घाय करू नकात, आदी हेड खोलून बघा!
माझ्या ओम्नीचं असंच झालेलं, सगळ्यांनी इंजिन गेलं म्हणून सांगितलं आणि निघालं फक्त हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधलं पॅकिंग. हेड ॲल्युमिनियमचं असतं, तापलं की वाकतं. कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, चेक करा. कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत बघा, वाढलं तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात, नाही वाढलं आणि शेजारशेजारचे दोन सारखेच खाली असतील तर बहुतेक मधलं गॅस्केट. आणि तापली का ते शोधा नाहीतर नवीन इंजिनपण त्याच घाटात जाईल. ओम्नीचा रेडिएटर पुढे आणि इंजिन सीटखाली, मधले पाइप खालून जातात, आपल्या खाऱ्या हवेत गंजून बारीक भोकं पडतात आणि पाणी कधी गेलं कळतच नाही. बोअरिंगचं पाणी ओतता का? आमच्याकडे खाडीकाठच्या बोअरला मीठ असतं, त्याने आतून खातं. कूलंटच टाका.

चिपळूणकर
कागदांचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितोय. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, म्हणजे हाफ इंजिन बदललं तरी नंबर बदलला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा, आरटीओची परवानगी आधी घ्यायची आणि बदललं की १४ दिवसांत कळवून आरसीवर नवीन नंबर चढवायचा. विकणाऱ्याकडून बिल आणि ज्या गाडीचं इंजिन आहे तिच्या आरसीची कॉपी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, चोरीचं निघालं तर तुम्ही अडकाल. १९९८ ची गाडी म्हणजे २०१३ पासून दर ५ वर्षांनी रिन्यू होत असणार, तेव्हा नंबरावर कागद ठेवून पेन्सिल छाप घेताना नंबर जुळला नाही तर गाडी तिथेच उभी. म्हणून सांगतो, तुमचा ब्लॉक शाबूत असेल तर सिलिंडर किंचित मोठे कापून (बोअर करून) ओव्हरसाइज पिस्टन घाला, नंबर तोच राहतो.

पावसचा बागायतदार
सगळ्यांचे मनापासून आभार. आज कॉम्प्रेशन चेक केलं, मागचे दोन सारखेच खाली, ऑइल टाकून काही फरक नाही. हेड खोललं तर त्या दोघांच्या मधलं गॅस्केट जळालेलं, सिलिंडरला आतून ओरखडे नाहीत. आणि मालवणच्या भाऊंनी सांगितलं तसंच, खालचा पाइप क्लॅम्पच्या जागी गंजून भोक! बाबांना सांगितलं तर जेवताना दोनदा विचारलं, नक्की ना. वाकलेलं हेड घासून सपाट (प्लेन) करायला गुरुवारी कोल्हापूरला उद्यमनगरात नेतोय. टायमिंग बेल्ट कधी बदललाय ते कोणालाच आठवत नाही, आत्ताच बदलू का?

घाटावरचा मेकॅनिक
बदला, बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंपपण. उघडलंच आहे तर मजुरी एकदाच लागेल. ऑइल दोनदा बदला, पहिलं भरून थोडा वेळ चालवून काढून टाका, आत राहिलेलं पाणी त्याच्याबरोबर निघून जातं.