मुठीवरचं गरुडचिन्ह: चिन्हाची कड तपासा

'चिन्ह नंतर बसवलेलं दिसतंय, म्हणजे संगीन बनावट,' हे संग्राहकांच्या चर्चेत आलेलं मत जर्मन पोलिसांच्या जुन्या संगिनींना सरसकट लावू नये, असं मला कळकळीनं वाटतं. वायमार काळातल्या, म्हणजे हिटलरपूर्वीच्या जर्मन प्रजासत्ताकातल्या, पोलीस संगिनी १९३३ नंतर फेकून दिल्या नाहीत. बऱ्याच संगिनींचा मुठीपुढचा, हाताच्या रक्षणासाठीचा शिंपल्याच्या आकाराचा पत्रा काढला, पातं आखूड केलं आणि शिंगाच्या मुठीवर पोलिसांचं धातूचं गरुडचिन्ह बसवलं. तेव्हा मुठीपेक्षा चिन्ह नवं असणं हा काही दोष नव्हे. खरा प्रश्न तो गरुड त्या काळी बसवला की कालपरवा, एवढाच.

माझ्याकडच्या एका संगिनीवर मी दहापट भिंग घेऊन बराच वेळ फक्त चिन्हाची कड पाहत होतो. पंखांच्या कडेला मळाची बारीक काळी रेघ सलग होती आणि शिंगाचा पिवळेपणा थेट धातूपर्यंत पोचला होता, म्हणजे गरुड जुन्या काळीच बसवलेला वाटला. विक्रीला आलेल्या दुसऱ्या एका संगिनीत चिन्हालगतचं शिंग ताजं खरवडलेलं, पांढरट होतं. अतिनील टॉर्चखाली कडेनं निळसर चकाकी आली. आधुनिक गोंद बरेचदा असा चमकतो. ती मी घेतली नाही. आणि कृपा करून चिन्ह उचकटून मागच्या पिना बघायला जाऊ नका, जुनं शिंग तडकतं.