कॉलेजात एचआयव्ही रॅपिड टेस्टचं शिबिर घेतोय, सरांना कसं समजवावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी एस.वाय.ला आहे, तालुक्याच्या गावातलं कॉलेज, एनएसएसचं दुसरं वर्ष. १ डिसेंबरला एचआयव्ही तपासणीचं शिबिर ठेवतोय आणि त्यावरून माझं आणि आमच्या कार्यक्रम अधिकारी सरांचं जरा अडलंय. लिहिताना लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी गेल्या वर्षीचं सांगतो. सरकारी दवाखान्यातून कौन्सेलर मॅडम आणि लॅबवाले दादा आले होते, टेबल मांडलं कुठे तर पोर्चमध्ये, बरोबर नोटीस बोर्डाच्या शेजारी, वर हा एवढा बॅनर. प्रभातफेरी झाली, रांगोळी झाली, पथनाट्याला तर उभं राहायला जागा नव्हती, आणि टेस्टला दिवसभरात अकरा जण, त्यातले नऊ आम्हीच. दुपारी एक मुलगा येऊन बोर्डावरचं परीक्षेचं टाइमटेबल वाचत उभा राहिला, आता ते टाइमटेबल आठवडाभर तिथेच होतं, पंधरा मिनिटं कोण वाचतं? सॅकचा बंद बोटाला गुंडाळायचा, सोडायचा, परत गुंडाळायचा. शेवटी टेबलाकडे दोन पावलं टाकली आणि तेवढ्यात आमच्यातलाच एकजण मोठ्याने म्हणाला, "काय रे, तुला कशाला पाहिजे टेस्ट?" सगळे हसले, तोही हसला आणि गेला तो गेलाच. मला ते अजून सलतंय, कारण मी शेजारी उभा होतो आणि काही बोललो नाही.

म्हणून यंदा मी म्हटलं की नुसतं एचआयव्हीचं टेबल नको, हिमोग्लोबिन, रक्तगट, बीपी सगळं एकत्र ठेवू, रक्तगट कळणार म्हटलं की पोरं आपणहून येतात, आणि मग रांगेत कोण कशासाठी उभाय ते कुणाला कळायचं नाही. सरांना ते आवडलं, पण म्हणाले, "बोटाला सुई टोचतोच आहोत तर एचआयव्हीची पण सगळ्यांची करून टाकू, विचारलं की पोरं नाही म्हणतात." वर अहवालाला जोडायला निकालाची यादी पाहिजे, नावासकट. सर माणूस चांगला आहे, मुलांसाठी स्वतःच्या खिशातून खर्च करतात, पण हे मला पटत नाहीये आणि का पटत नाहीये ते त्यांच्यासमोर धड मांडता येत नाहीये. न विचारता टेस्ट करता येते का? आणि कुणाची पॉझिटिव्ह आली तर तिथल्या तिथे काय सांगायचं?

प्रतिसाद: कृष्णाकाठ
मी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, कौन्सेलर आहे. न विचारता अजिबात नाही. एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू, समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय शिबिरात कुणाची टेस्ट करता येत नाही, आणि १८ च्या आतलं कुणी असेल तर पालकांची संमती लागते. निकाल ज्याचा त्यालाच द्यायचा, यादी सरांच्या हातात जाताच कामा नये. अहवालाला किती जणांची तपासणी झाली तो आकडा पुरतो.

दुसरं म्हणजे शिबिरातली टेस्ट ही नुसती चाळणी. बोटातला थेंब पट्टीवर, त्यावर बफर (किटसोबत येणारं द्रव), आणि किटवर दिलेल्या वेळातच वाचायचं, टेस्ट नीट चालली हे दाखवणारी कंट्रोलची रेघ उमटली नाही तर ती टेस्ट बाद. दोन रेघा आल्या तरी पॉझिटिव्ह म्हणायचं नाही, रिअ‍ॅक्टिव्ह म्हणायचं, पुढे आयसीटीसीत वेगवेगळ्या तीन किटवर तपासून मगच निदान. निगेटिव्ह आलेल्यालाही विचारावं लागतं की धोका कधी घडला, कारण लागण झाल्या झाल्या टेस्टमध्ये दिसत नाही, तीन महिने धरून परत बोलवायचं. आणि धोका ७२ तासांच्या आतला असेल तर लगेच डॉक्टरकडे पाठवा, पीईपीच्या, म्हणजे लागण टाळायच्या, गोळ्या २८ दिवस घ्याव्या लागतात आणि जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं.

रिअ‍ॅक्टिव्ह आलेल्याला हातात कागद देऊन पाठवू नका, सोबत कुणीतरी जा, पण तो हो म्हणाला तरच. एकटा पाठवला की वाटेतूनच घरी जातो, मी खूप बघितलेत असे. औषधं सरकारकडून मोफत आहेत, नियमित घेऊन व्हायरस दबून राहिला की शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही, हे त्याला त्याच खुर्चीवर कळलं पाहिजे.

प्रतिसाद: जुना_स्वयंसेवक
आम्ही केलं होतं ते सांगतो. सगळी टेबलं एका वर्गात आणि शेवटी पडदा, पडद्याआड प्रत्येकाने जायचंच, टेस्ट करायची असो नसो. कौन्सेलर सगळ्यांशी तेवढाच वेळ बोलणार, हो की नाही ते आत ठरणार, चिठ्ठीवर नाव नाही नुसता नंबर, आणि बाहेर पडायला दार दुसरं. आणि एक आवर्जून सांगा, रक्तदान केलं की आपोआप टेस्ट होते म्हणून रक्त देणारी पोरं असतात, तसं करू नका म्हणावं, लागण ताजी असली तर तपासणीतून निसटू शकते आणि ती पिशवी कुणाच्या तरी अंगात जाते. सरांशी तू वाद घालू नकोस, मॅडमनाच त्यांच्याशी बोलू दे.

धागाकर्ता
मॅडम, दादा, खरंच आभार. आमच्या मॅडमना फोन केला, त्या सरांशी बोलल्या, सर जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले यादी राहू दे. दोन दारांची खोली आमच्याकडे एकच, फिजिक्सची लॅब, तिच्यासाठी अर्ज दिलाय. अजून एक विचारायचंय, तो मुलगा आता टी.वाय.ला आहे, त्याला गाठून यंदा ये म्हणू का?

प्रतिसाद: कृष्णाकाठ
नको रे, तुझ्या लक्षात राहिलंय एवढं कळलं तरी तो घाबरेल. १०९७ हा हेल्पलाइनचा टोल-फ्री नंबर आहे, तो आणि जवळच्या आयसीटीसीचा पत्ता एका कागदावर मोठ्या अक्षरात लिही आणि बाथरूमच्या दारांना आतल्या बाजूने लाव. कडी लावल्यावर तिथे वाचताना कुणी बघत नाही. मुलींच्या बाथरूममध्ये पण लावायला सांग.