मदत हवी आहे: न नांगरलेल्या वाफ्यावर लव्हाळा

नमस्कार मंडळी. कर्जत तालुक्यात आमची भातशेती आहे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा राईस तंत्राने भात करतो. गादीवाफे एकदाच करायचे, मग नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीही नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची आणि त्याच वाफ्यावर वाल टोकायचा. फायदा डोळ्यांना दिसतो. वाफा उकरला की कुजलेल्या मुळांच्या पोकळ वाटांत गांडुळं सापडतात, पाणी पटकन मुरतं, शेतातून वाहून जाणारं पाणी पूर्वीइतकं गढूळ नसतं. डिझेल वाचतं ते वेगळंच.

अडचण लव्हाळा या तणाची आहे. ग्लायफोसेट या तणनाशकाने वरचं पान जळतं, पण जमिनीतल्या सगळ्या गाठी मरत नाहीत, उरलेल्या पुन्हा फुटतात. उताराला विहीर आहे, त्यामुळे तणनाशक वाढवायचं नाही. आणि पुन्हा नांगर घालून जमलेली माती मोडायची तर अजिबात इच्छा नाही.

पेंढ्याचं आच्छादन करून किंवा ताग, चवळी दाट पेरून कुणी लव्हाळा आटोक्यात आणलाय का? पेंढा किती जाड लागतो, आणि त्यातून वाल नीट वर येतो का? कोकणातल्या भारी पावसाचा अनुभव असलेल्यांनी कृपया जरूर लिहा.