प्रतिसाद: खडूच्या कारखान्यातील दीर्घ नोकरी

दिव्यांगांना दिलेली नोकरी ही दया असते आणि म्हणून ती फार टिकत नाही, हे मत मला पटत नाही. जपानमधील निहोन रिकागाकु या खडू बनवणाऱ्या कंपनीने 1960 मध्ये बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या दोन मुलींना कामावर घेतले आणि त्यांपैकी एकीने तेथे अनेक दशके काम केले. अंक वाचणे ज्यांना जड जाते, त्यांच्यासाठी लाल डब्यातील माल लाल वजनाने आणि निळ्या डब्यातील निळ्या वजनाने तोलण्याची, तसेच वेळ वाळूच्या घड्याळाने मोजण्याची पद्धत तेथे बसवली गेली. आज तेथील बहुसंख्य कर्मचारी बौद्धिक दिव्यांग आहेत.