मदत हवी आहे: कायोटीसाठी कोणती रायफल घ्यावी? (टेक्सास, १४ एकर, शेळ्या)

बोकडवाला

नमस्कार मंडळी,

ऑस्टिनपासून तासाभरावर, बर्नेट काउंटीत आमची १४ एकर जागा आहे. ओक, सीडर, खाली खडक आणि वर बोटभर माती. नोकरी सांभाळून तीन वर्षांपूर्वी बोअर जातीच्या शेळ्या पाळायला घेतल्या. गेल्या तीन आठवड्यांत पाच करडं आणि एक चांगली पाठ गेली.

आधी वाटलं मोकाट कुत्री असतील. शेजारचे आजोबा (जन्म इथलाच, सगळं आयुष्य गुरांत गेलेलं) येऊन बघून गेले. त्यांनी करडाची मान वळवली, जबड्याखालचे केस अंगठ्याने बाजूला सारले, तर गळ्यावर दातांची भोकं. म्हणाले, कुत्रं मागचे पाय आणि कुशी फाडतं, वेड्यासारखं कुठेही चावतं. कायोटी गळा धरतो. त्या करडाचं पोट फोडलेलं होतं, बाकी अंगावर ओरखडा नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा थोराड चुलतभाऊ. इकडचा साधारण १२ ते १६ किलोचा. टेक्सासमध्ये त्याला बंद हंगाम नाही, वर्षभर मारता येतो, एवढी चौकशी केली आहे.

आता अडचण. मी आयुष्यात बंदूक धरली ती एनसीसीत. .२२ होती, पाच गोळ्या दिल्या, त्यातल्या तीन शेजारच्याच्या टार्गेटवर गेल्या. दुकानात गेलो तर तिथला माणूस ६.५ क्रीडमूर (ही काडतुसांची नावं, रायफल त्यांवरूनच ओळखतात) गळ्यात मारतोय. आजोबा म्हणतात .२२-२५० शिवाय दुसरं काही घेऊच नकोस. यूट्यूबवर बघावं तर सगळे एआर-१५ (पुढची गोळी आपोआप भरणारी रायफल) घेऊन बसलेले. स्कोप (रायफलीवरची दुर्बीण), काडतुसं सगळं धरून बजेट १२०० डॉलर. उंची ५ फूट ४ इंच, बायको माझ्याहून चार इंचांनी कमी, आणि तीही चालवणार म्हणते. ग्रीन कार्ड आहे.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. "कशाला मारता बिचाऱ्याला" हा वाद कृपया इथे नको, पाचही करडं मीच पुरली आहेत.

तिरकस

बिचाऱ्याला कशाला मारता?

(हलके घ्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.)

नेब्रास्काचा नाना

अरे बाबा, रायफल नंतर. आधी जागेचा आकार सांग. १४ एकर चौकोनी असेल तर एक बाजू जेमतेम २६० यार्ड भरते. घर कुठे, शेजाऱ्यांची घरं कुठे, गोळी चुकली तर कशात जाऊन रुतेल? हे कळल्याशिवाय कोणी काही सुचवत असेल तर ऐकू नकोस, त्या दुकानदाराचंही नाही.

बोकडवाला

नानासाहेब, जागा चिंचोळी आहे. रुंदी १५० यार्ड, लांबी उत्तर-दक्षिण साधारण ४५०. घर आणि गोठा उत्तरेला. पश्चिमेला कुंपणालगत शेजाऱ्यांचं घर, पूर्वेला रस्ता. गोठ्यापासून दक्षिणेला १६० यार्डांवर गुरांचं तळं, त्याला पलीकडून आठ-नऊ फूट उंच मातीचा बांध. कायोटी बहुतेक त्या बांधाच्या बाजूच्या ओढ्यातून वर येतात, पावलं तिथेच दिसतात.

नेब्रास्काचा नाना

मग झालं की तुझं काम. तुला एकच दिशा आहे, गोठ्याकडून बांधाकडे, आणि एकच अंतर, १६० यार्ड. पूर्व-पश्चिम गोळी झाडायचीच नाही, समोर कायोटी बसून जांभई देत असला तरी. टेक्सासात शिकार करताना गोळी हद्द ओलांडून गेली आणि पलीकडच्या मालकाची लेखी परवानगी नसली तर तो गुन्हा आहे. कायद्याचं सोड, .२२३ सारखी चिमुकली गोळीही वर उडाली तर दोनेक मैल जाऊ शकते.

.२२-२५० वाईट नाही, मी स्वतः पंधरा वर्षं वापरली. ५५ ग्रेनची (साधारण साडेतीन ग्रॅमची) गोळी सेकंदाला ३६०० फुटांच्या पुढे जाते, ३०० यार्डांवर मोकळ्या माळात तिच्यासारखी मजा नाही. पण तुझ्याकडे माळ कुठाय? आवाज जास्त, काडतूस महाग, नळी लवकर झिजते, हे सगळं जे अंतर तुझ्याकडे नाहीच त्यासाठी कशाला सोसायचं. क्रीडमूर तर हरणाची. .२४३ तेव्हाच घे, जेव्हा पुढे हरणंही मारायची असतील.

तू .२२३ रेमिंग्टन घे, बोल्ट ॲक्शन, म्हणजे दर गोळीनंतर हाताने खिट्टी ओढावी लागते ती. रुगर अमेरिकन किंवा सॅव्हेज ॲक्सिस, दोन्हीही तुझ्या बजेटात बसून वर पैसे उरतील. दोघंही बुटके (राग नसावा, मीही ५ फूट ५ आहे), तेव्हा 'कॉम्पॅक्ट' मॉडेल माग. दस्ता लांब असला की मान ताणून स्कोपमध्ये बघावं लागतं आणि मग नेमाचा सत्यानाश. दुकानात डोळे मिटून रायफल खांद्याला लाव, मग डोळे उघड. स्कोपमधलं वर्तुळ पूर्ण दिसलं पाहिजे. चंद्रकोर दिसली तर ती तुझी रायफल नाही, किंवा स्कोप पुढे-मागे करून घ्यायला हवा. डोळा आणि काचेत साडेतीन इंच तरी अंतर ठेव. माझ्या भुवईवर धक्क्याने स्कोप बसल्याची २००३ सालची खूण आहे.

स्कोप ३-९ × ४० (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारा, काच ४० मिमीची) पुरे. १६० यार्डांसाठी दुर्बीण-वेधशाळा लागत नाही. आधी २५ यार्डांवर जुळव, मग १०० वर झिरो कर, म्हणजे नेम धरशील तिथेच गोळी पडेल असा स्कोप जुळव. १६० वर गोळी इंच-दीड इंच खाली पडेल. कायोटीच्या छातीत चारेक इंचांची जागा असते, म्हणजे नेम धरून सरळ चाप ओढायचा, आकडेमोड नको.

काडतूस: ५५ ग्रेनची, प्लॅस्टिकच्या टोकाची, 'व्हार्मिंट' (उपद्रवी लहान जनावरांसाठीची) लिहिलेली. ती लागली की आत फुटते, दगडावरून उसळण्याची भीतीही कमी. फुल मेटल जॅकेट (पूर्ण धातूच्या वेष्टनाची, न फुटणारी गोळी) स्वस्त पडते, ती कागदावर सरावाला ठेव. आणि खोक्यावर ५.५६ लिहिलं असेल तर .२२३ च्या रायफलीत घालू नकोस, दिसायला जुळी असली तरी तिचा दाब जास्त.

रानवारा

नानांना +१. फक्त एआरबद्दल: वाईट नाही, दुसरी गोळी पटकन जाते. पण नवख्या माणसाला दुसरी गोळी पटकन जाणं हाच धोका. बोल्ट ओढावा लागला की माणूस विचार करतो.

बाकी कागदपत्रं. ग्रीन कार्डवर रायफल घेता येते, फॉर्म ४४७३ वर (बंदूक खरेदीचा संघीय अर्ज) ग्रीन कार्डावरचा एलियन नंबर लिहावा लागतो, कार्ड आणि पत्त्याचा पुरावा बरोबर ने. कायोटी जनावरांवर हल्ला करत असेल तर जमीनमालकाला शिकारीचा परवाना लागत नाही, पण काढूनच ठेवा, एरवी लागतोच. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. तो कंटाळवाणा नाही, उलट नवख्याला त्याचाच उपयोग.

बोकडवाला

बरं झालं विषय निघाला. डिसेंबरात मेव्हणा येतोय सांगलीहून, टुरिस्ट व्हिसावर. त्याला रेंजवर एकदा हात साफ करू द्यायचा आहे. चालेल ना?

रानवारा

नाही!! नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्याला बंदूक हातात घेणं हाच संघीय गुन्हा आहे, रेंजवरसुद्धा. एच-१बी वाल्यांनाही तेच लागू. इथल्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना असेल तर अपवाद मिळतो. मेव्हण्याला आधी परवाना, मग रायफल. नाहीतर त्याला बार्बेक्यू खायला घाला.

शेळीपालक_शुभा

मी ओक्लाहोमात, ६० शेळ्या, सहा वर्षं. मारायला माझा विरोध नाही, पण माझा अनुभव असा की एक जोडी मारली की महिन्या-दोन महिन्यांत दुसरी येते. जागा रिकामी राहत नाही.

माझ्याकडे दोन ग्रेट पिरेनीज (कळप राखणाऱ्या कुत्र्यांची जात) आल्यावर करडं जाणं जवळपास थांबलं. आपल्या धनगरांच्या कळपामागे कुत्री असतात ती काय शोभेला? पिल्लू घेऊ नका, राखण शिकायला त्याला दीड-दोन वर्षं लागतात आणि तोवर तेच करडांशी खेळून त्यांचे कान चावतं. मोठं, शेळ्यांत वाढलेलं कुत्रं घ्या. व्यायलेल्या शेळ्या रात्री गोठ्याला लागून विजेच्या जाळीत. व्याल्यावर पडणारी वार तिथे पडू देऊ नका, त्या वासानेच येतात.

आणि रात्री बांध दिसत नाही हे लक्षात ठेवा. पहाटे तांबडं फुटल्यावर बसा.

नेब्रास्काचा नाना

शुभाताईंचं ऐक. बजेटातला अर्धा पैसा जाळीत घाल, मी रागावणार नाही.

बसशील तेव्हा वारा बघ. वारा तुझ्याकडून तळ्याकडे वाहत असेल तर चहा पी आणि घरात बस, त्याला तुझा वास आधी लागतो. दक्षिणेचा वारा असेल तर सशाच्या ओरडण्याची शिट्टी वाजव, वीस मिनिटं न हलता बस. कानाला मफ्स. गोठ्याच्या पत्र्याखाली गोळीचा आवाज दुप्पट लागतो.

बोकडवाला

सर्वांचे मनापासून आभार. अपडेट देतो.

रुगर अमेरिकन कॉम्पॅक्ट, .२२३ घेतली. चंद्रकोरीची परीक्षा बायको पहिल्या फटक्यात पास, माझा स्कोप अर्धा इंच मागे घ्यावा लागला. १०० यार्डांवर तिच्या तीन गोळ्या दीड इंचात, माझ्या चार इंचात. पहाटे कोण बसणार हे ठरलंय असं दिसतं.

विजेची जाळी लावली. शुभाताई, तुमच्या सांगण्यावरून तीन वर्षांची पिरेनीज आणली, नाव ठेवलं ठकी. दहा दिवस झाले, एकही करडू गेलं नाही. रायफल अजून कागदाशिवाय कशावर चाललेली नाही. एकदा कायोटी दिसला, पण तळ्याच्या पश्चिमेला, मागे शेजाऱ्यांच्या खिडकीत दिवा. बायकोने बोट चापावरून काढून घेतलं.

आता नवी पंचाईत: ठकी रात्रभर भुंकते. तेच शेजारी काल फोन करून विचारत होते की हिला बंद करायचं बटण कुठाय. यावर कोणाकडे उपाय आहे, की वेगळा धागा काढू?