विषय: विशेषांकातील एर्नी डेव्हिसवरील लेख

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपण सोलापूरला परत गेलात, म्हणून मंडळाच्या विशेषांकातून आपली सुटका होईल असे समजू नये. अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलपटू एर्नी डेव्हिस याच्यावर आम्ही लेख योजला आहे. व्यावसायिक संघाकडून एकही सामना खेळायला न मिळता तो वयाच्या २३व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला, म्हणून ‘राहून गेलेला खेळ’ असा मथळा सुचला. सोलापुरातल्या महाविद्यालयीन खेळाडूंपुढे आपण त्याच्याविषयी बोलणार आहात असे कळले. ते टिपण पाठवाल का?

आपली,
विशेषांक समिती

——

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

टिपण अवश्य घ्यावे, मथळ्याला मात्र माझा विरोध आहे. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ साली चीनमध्ये अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेले. पण ते जगले असते तर काय झाले असते, याची चर्चा मी इथे कधी ऐकली नाही. त्यांनी तिकडे जखमी सैनिकांची जी सेवा केली, तीच सांगितली जाते. एर्नीविषयीही तसेच लिहावे.

इथल्या पार्क मैदानावर खेळणाऱ्या मुलांना आधी एवढेच सांगेन की, हा लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ आहे. १९५९च्या हंगामात सिरॅक्यूजचा संघ एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेता ठरला. १ जानेवारी १९६० रोजी डलासमध्ये टेक्सास विद्यापीठाविरुद्ध झालेल्या ‘कॉटन बोल’ या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात, मांडीचा स्नायू दुखावलेला असतानाही, एर्नीने सुरुवातीलाच ८७ यार्डांच्या चालीवर टचडाउन केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवले, आणि संघ २३–१४ असा जिंकला. सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. तरीही बक्षीस समारंभात कृष्णवर्णीय खेळाडूंनी आपापले बक्षीस स्वीकारून निघून जावे, असे त्यांना बजावण्यात आले होते. ज्याच्या जिवावर सामना जिंकला, त्यालाच पंगतीत जागा नाही, हा प्रकार आपल्याकडच्या मुलांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६१ साली, महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोच्च मानली जाणारी हाइझमन ट्रॉफी त्याला मिळाली. ती मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. व्यावसायिक संघांपैकी कृष्णवर्णीयांना दार बंद ठेवणारा शेवटचा संघ वॉशिंग्टनचा. सरकारचा दबाव आल्यावर त्या संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत सर्वांत आधी एर्नीचे नाव घेतले आणि त्याला क्लीव्हलँडच्या संघाला देऊन बदल्यात बॉबी मिचेल या कृष्णवर्णीय खेळाडूला आणले. म्हणजे एर्नी त्या संघाकडून एक मिनिटही खेळला नाही, पण ते दार उघडण्यात त्याच्या नावाचा वाटा आहेच. याला ‘राहून गेलेला खेळ’ कसे म्हणावे?

१९६२च्या उन्हाळ्यात आजाराचे निदान झाले. मृत्यूच्या काही आठवडे आधी त्याने एका मासिकात, आपण स्वतःला दुर्दैवी मानत नाही, अशा आशयाचे लिहिले होते. १८ मे १९६३ रोजी तो गेला. त्याने जे मानले नाही, ते आपण त्याच्यावर लादू नये.

आपला,
काका

——

आदरणीय काका,

मथळा बदलते. मात्र एका बाबतीत मी आपल्याशी सहमत नाही. त्याने स्वतःला दुर्दैवी मानले नाही, हा त्याचा मोठेपणा झाला. एल्मायरा या गावात त्याला वाढवणाऱ्या आईने तसे मानावे की नाही, हे आपण ठरवू शकत नाही. आपल्या टिपणात आई कुठेच आली नाही. त्याच एल्मायराने एक दिवस, तो हयात असतानाच, त्याच्या नावाने साजरा केला आणि राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी तार पाठवली, हेही राहिले आहे. एवढा परिच्छेद वाढवून रविवारपर्यंत पाठवावा. कोटणीसांचा उल्लेख आहे तसाच ठेवते.

आपली,
विशेषांक समिती