आई-बाबांना घेऊन मुंबई-गोवा क्रूझ: खान्देशातून कोणी जाऊन आलंय का?

केळीवाला, चोपडा

नमस्कार मंडळी. जानेवारीत आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. आम्ही हॉल, जेवण, सत्कार असं काहीतरी ठरवत होतो, पण बहिणीने मध्येच क्रूझचं खूळ काढलं. मुंबईहून निघायचं, गोवा करून परत, तीन रात्री. माणसं आठ. बाबा ७४ चे, गुडघे गेलेले, वर साखर. आई ६९. आम्ही दोघं, मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ५ ची, बहीण आणि दाजी.

आमच्या घरात आजवर कोणी समुद्रात गुडघ्याच्या वर उतरलेलं नाही. बाबांचं एकच पालुपद, "समुद्रमा काय ठेयेल शे?" (समुद्रात काय ठेवलंय?) आई विचारते, तिथे चहा बरा मिळतो का. एजंट म्हणतो बाल्कनीचीच खोली घ्या, बाकी सगळं भाड्यात आलं. या "सगळं भाड्यात आलं"चीच मला भीती वाटते. उलट्या होतात का? बाबांना रात्री भाकरी लागते, त्याचं काय? आणि जळगावहून गाडीचं कसं जमवायचं? जाऊन आलेल्यांनीच सांगा, व्हिडिओ बघून झालेत.

भुसावळची बाई

दादा, आम्ही मागच्या डिसेंबरात अशीच तीन रात्रींची क्रूझ करून आलो. सासूबाई ७२ च्या, आम्ही दोघं, दोन मुलं आणि नणंदेचं बिऱ्हाड. मी शाळेत शिकवते, त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या.

क्रूझला प्रवास समजू नका, ते लग्नघर आहे. मोठ्या मंगल कार्यालयात तीन दिवस मुक्काम ठोकल्यासारखं. सकाळपासून पंगती, लिफ्टसमोर गर्दी, रात्री उशिरापर्यंत गाणी. लग्नघरात आपण म्हाताऱ्या माणसांसाठी आधी काय बघतो? खोली कुठे आहे, संडास किती लांब आहे आणि त्यांना पहिल्या पंगतीत कसं बसवायचं. इथेही तेच बघा, बाकी सगळं आपोआप होतं.

खोलीचं सांगते. आम्ही सासूबाईंसाठी हौसेने बाल्कनी घेतली. तीन दिवसांत त्या तिथे जेमतेम तासभर बसल्या, वारा कानात जातो म्हणून दार लावून घेतलं. आम्हा चौघांना बिनखिडकीची खोली. ती स्वस्त पडते, पण दिवा मालवला की दिवस-रात्र काही कळत नाही. आमचा धाकटा पहाटे तीनला उठून दात घासून बसला, शाळेला उशीर झाला म्हणून! तुमच्या आई-बाबांना साधी खिडकीची खोली घ्या, खालच्या मजल्यावर, जहाजाच्या मध्याजवळ आणि लिफ्टपासून फार लांब नको. उंचावर आणि टोकांना हलणं जास्त जाणवतं, मध्ये खाली कमी. एजंट वरचे मजले गळ्यात मारतो कारण ते महाग असतात.

बाथरूम अगदी लहान, आपल्या स्लीपर डब्यातल्यापेक्षा थोडंच मोठं. दाराशी वीतभर उंबरा आहे. गुडघेवाल्यांसाठी तो उंबरा म्हणजे सगळ्यात मोठी लाट. पहिल्याच रात्री सासूबाईंचा पाय अडखळला, कडी हाताशी होती म्हणून निभावलं. पाय न घसरणारी रबरी चटई आणि एक प्लॅस्टिकचा मग बॅगेत टाका. हसू नका, मगासाठी आमच्याकडे तीन खोल्यांतून मागणी आली.

पैशांचं. भाडं सांगतात ते एका खोलीत दोघं धरून माणशी. तिसरा-चौथा त्याच खोलीत घातला तर त्याचं भाडं बरंच कमी असतं, पण तो वरच्या बर्थवर झोपणार, हे लक्षात ठेवा. मुलांची त्यात चंगळ असते. बंदराचे आकार, सेवाशुल्क, जीएसटी धरून आठ माणसांची एकच एकूण रक्कम एजंटकडून लिहून घ्या. आमच्या एजंटने हे सगळं निघायच्या तीन दिवस आधी काढलं, तेव्हा आम्ही पुरते अडकलेलो होतो. जहाजावर रोख चालत नाही. एक कार्ड देतात, तेच खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. जेवण भाड्यात, पण बाटलीबंद पेयं, काही खास हॉटेलं, फोटो, वायफाय यांचे पैसे कार्डावर चढत जातात. मुलांच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन बंद करून घ्या. आमच्या मोठ्याने दोन दिवसांत नुसती सरबतं पिऊन बापाला घाम फोडला.

आता जेवण. मी हुशारीने घरचा ठेचा बरणीत भरून नेला होता. बंदरावर सामान स्कॅनरमधून जातं. तिथल्या माणसाने बरणी काढली, झाकण उघडलं, वास घेतला, डोळे पुसले आणि बरणी बाजूला ठेवली. घरचं शिजवलेलं आत जात नाही. दुकानातली शिक्क्याची पाकिटं, म्हणजे केळीचे वेफर्स, बिस्किटं वगैरे मात्र गेली. जहाजावर जेवण भारतीय मिळतं, जैनसुद्धा, गरम पोळी मिळते. भाकरी विसरा. शेवभाजी-भरीत खाणाऱ्याच्या जिभेला सगळ्या भाज्या एकाच टाकीतून आल्यासारख्या लागतात, पण पोट बिघडत नाही, हेही खरं. बाबांना साखर आहे तर पंगतीच्या वेळेवर अवलंबून राहू नका, खिशात काहीतरी असू द्या.

बंदरावर मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून काढून घेतात आणि त्या थेट खोलीत येतात. आमच्या आल्या रात्री नऊला. बाबांच्या गोळ्या, चष्मा, एक जोडी कपडे, मुलांचे पोहायचे कपडे हे सगळं हातातल्या पिशवीत ठेवा. नाहीतर पोरं तलावाकडे बघत रडतात.

जहाज सुटायच्या आधी सगळ्यांना लाइफ जॅकेटची कवायत करावी लागते. सात आखूड भोंगे आणि एक लांब. सासूबाईंना आधी सांगायचं राहून गेलं. भोंगे वाजले तशी त्यांनी माझा हात धरून रामरक्षा सुरू केली. तुम्ही मात्र आई-बाबांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

उलट्यांची गंमत सांगते. आमचे हे रेल्वेत, सगळं आयुष्य हलत्या डब्यात गेलं. म्हणाले, मला काही होत नाही. पहिल्या रात्री तेच आडवे, आणि सासूबाई टुणटुणीत! गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यायची असते, नंतर ती पोटात टिकतच नाही. पण तुमच्या बाबांसाठी डॉक्टरांना विचारूनच घ्या. या गोळ्यांनी गुंगी येते, आणि प्रोस्टेटचा त्रास किंवा काचबिंदू असेल तर काही गोळ्या चालत नाहीत. ज्याला मळमळेल त्याला अंधाऱ्या खोलीत मोबाइल हातात देऊन झोपवू नका. मधल्या डेकवर मोकळ्या हवेत बसवा, लांब क्षितिजाकडे बघायला लावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्या बाजूचा समुद्र बराच शांत असतो, तुमचा जानेवारी चांगला आहे.

फोन किनारा सुटला की थोड्या वेळात मरतो. त्याआधीच विमानाच्या मोडवर टाका, नाहीतर तो जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि बिल घरी येतं. आम्ही एकमेकांना शोधण्यातच पहिला दिवस घालवला. मग आरशावर चिठ्ठी लावायची पद्धत काढली: "तलावापाशी, बारापर्यंत." जुनी पद्धत, पण चालली.

गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागतं, म्हणजे वास्कोजवळ. पणजी तिथून ३० किलोमीटरच्या आसपास. बीच, बाजार, मंगेशी सगळं एका दिवसात करायला गेलेली मंडळी घामाघूम होऊन, भांडत परत आली. परतीची वेळ पाळावीच लागते, जहाज थांबत नाही. सासूबाई आणि मी उतरलोच नाही. ऐका माझं, सगळी गर्दी खाली गेल्यावर ते रिकामं जहाज म्हणजे खरी चैन. लिफ्ट मोकळी, खुर्च्या मोकळ्या. एका वेटरने विचारून विचारून सासूबाईंना आल्याचा चहा करून आणून दिला. एरवी यंत्राचा आणि पिशवीचाच चहा असतो, तुमच्या आईंना सांगून ठेवा.

दुसऱ्या सकाळी सहाला त्यांना डेकवर नेलं. शाल पांघरून कठड्यापाशी बसल्या आणि म्हणाल्या, आपली तापी इथेच येते ना गं? हे म्हणाले, तापी तिकडे सुरतेला मिळते, आपण गोव्याकडे आहोत. तर म्हणतात, "पाणी काय पाटी लावून उभं राहतं का?" आणि हात जोडले.

गाडीचं: रात्रीची गाडी पकडा, सकाळी सीएसएमटीला उतरा. जहाज जिथून सुटतं ते बॅलार्ड पिअर तिथून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर आहे. जहाजात चढणं दुपारनंतर, त्यामुळे गाडी दोन-तीन तास लेट झाली तरी जीव टांगणीला लागत नाही. दिवसाच्या गाडीने त्याच दिवशी पोहोचायचा जुगार खेळू नका. परतीची गाडी संध्याकाळची किंवा रात्रीची घ्या, उतरायला आणि बॅगा शोधायला वेळ जातो.

नंदुरबारी

बाईंनी सगळं सांगितलंय, मी एकच भर घालतो. एवढे पैसे भरण्याआधी घरच्यांना एकदा खाऱ्या पाण्यावर हलवून बघा. आपल्याला सुरत जवळ. तिथे हजिऱ्याहून सौराष्ट्रातल्या घोघ्याला रो-पॅक्स बोट जाते, नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झाली. रस्त्याने ३७० किलोमीटर, समुद्रातून ९०, साधारण चार तास. गाडी आत घालता येते. आम्ही फेब्रुवारीत कुटुंबासकट गेलो होतो. कोणाला बोट लागते आणि कोणाला नाही, ते पहिल्या दोन तासांत कळतं. निघायच्या आधी बोट चालू आहे का ते बघून घ्या, हवामानाने फेरी रद्द होते कधीकधी. मुंबईत असाल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो आहे, ती तासाभराची.

धुळेकर

त्यापेक्षा तोरणमाळला न्या, यशवंत तलावात होडी फिरवा. मळमळ नाही, भाकरी आहे.

मस्करी जाऊ द्या. आम्ही सिंगापूरहून केली होती, म्हणून दोन गोष्टी. तिकडे जायचा विचार आला तर सगळ्यांच्या पासपोर्टला सहा महिने तरी शिल्लक हवेत. आणि जहाज मलेशिया-थायलंड फिरून परत सिंगापूरलाच येतं, म्हणजे सिंगापुरात दोनदा शिरणं झालं. व्हिसा एकाच प्रवेशाचा निघाला तर पंचाईत. मुंबई-गोव्याला आधार पुरतं, पण मूळ कार्ड न्या, मुलांचंही. आमच्यातल्या एकाने पोराच्या आधारची झेरॉक्स आणली होती, बाकी सगळे आत गेले आणि तो पोराला घेऊन दारात दीड तास. आणि बहीणबाईंकडे काही गोड बातमी असेल तर आधीच विचारून घ्या, २४ आठवड्यांनंतर बहुतेक जहाजं घेतच नाहीत.

केळीवाला, चोपडा

सगळ्यांचे आभार. नंदुरबारी भाऊंचं ऐकून गेल्या रविवारी हजिरा-घोघा केलं. मला खात्री होती, बाबा कंटाळणार आणि आईला मजा येणार. झालं उलटं. आई दीड तासात पिशवी मागायला लागली. बाबा खिडकीशी बसले ते घोघा येईपर्यंत हलले नाहीत. मध्ये एकदाच बोलले, "एवढं पाणी आनी प्यायले थेंब नई." उतरताना मला म्हणाले, "चाल, आते मोठं जहाज देखूत."

बुकिंग केलं. आई-बाबांना खिडकीची खोली, खालचा मजला, मधोमध. एजंटचं तोंड जरा उतरलं. एकूण रक्कम लिहून मागितल्यावर त्याच्या पहिल्या आकड्यात बरीच भर पडली, ती आत्ताच कळली हे बरं झालं. आईसाठी डॉक्टरांकडे उद्या जातोय.

बाई, एक शेवटचं. आईने चहाचा ध्यास घेतलाय. घरून चहापत्तीचं बंद पाकीट, साखर आणि छोटी इलेक्ट्रिक किटली नेली तर चालेल का?

भुसावळची बाई

पाकीट जाईल. किटली काढून घेतील, इस्त्रीचंही तसंच. गरम पाणी जेवणाच्या मजल्यावर मिळतं. आल्याचं मात्र मला विचारू नका, मी ते पदराच्या गाठीत नेलं होतं.